बाबांना ‘बब्बा गंप’ला न्यावं का? (सिनेमा, कोलंबी आणि सँटा मोनिका)

अनघा_किनारा | २४ मे २०२३

नमस्कार मंडळी,

जूनअखेर आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियात इर्व्हाइनला येताहेत. बाबा श्रीवर्धनचे, एस.टी.त एकतीस वर्षं वाहक होते. कोलंबी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जायचे, तर कोळणीच्या पाटीसमोर उकिडवे बसून एकेक कोलंबी बोटात धरून बघायचे. डोकं घट्ट आहे ना, साल चकाकतंय ना, अंगाला मऊ तर लागत नाही ना. बाकी आयुष्यात कधी कुणाशी घासाघीस केली नाही, कोलंबीसाठी मात्र अर्धा तास घालवायचे.

त्यांना सँटा मोनिकाच्या धक्क्यावरच्या ‘बब्बा गंप श्रिंप कंपनी’त न्यायचं माझ्या फार मनात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९४च्या ‘फॉरेस्ट गंप’ सिनेमात फॉरेस्टचा सैन्यातला दोस्त बब्बा उठता-बसता कोलंबीबद्दलच बोलत असतो. युद्ध संपलं की कोलंबीची बोट घ्यायची, हे त्याचं स्वप्न. तो व्हिएतनाममध्ये मरतो आणि फॉरेस्ट त्याला दिलेला शब्द पाळून खरंच बोट घेतो. सिनेमातली ती कंपनी पुढे खरीखुरी झाली. पहिलं हॉटेल १९९६ साली कॅलिफोर्नियातच, माँटेरेच्या कॅनरी रोवर उघडलं.

मी इथे नवीन होते तेव्हा एका मैत्रिणीने मला तिथे नेलं होतं. घरापासून इतक्या लांब, समुद्रासमोर बसून कोलंबी खाताना डोळे भरून आले होते. पण बाबांनी सिनेमा पाहिलेला नाही, इंग्रजीही बेताचं. त्यांना त्यातलं काय कळणार? तिथे न्यावं, की सरळ घरी कोलंबी आणून कालवण करावं? तुमचे अनुभव सांगा.

पुळणवाट | २४ मे २०२३

नक्की न्या. मी न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरच्या शाखेत गेलोय. टेबलावर गाडीच्या नंबरप्लेटसारख्या दोन पाट्या असतात. निळी ‘पळ फॉरेस्ट पळ’ लावलेली असली की वेटर पुढे निघून जातात, लाल ‘थांब फॉरेस्ट थांब’ पुढे केली की जो दिसेल तो थांबून विचारतो काय हवंय. तुमच्या बाबांना हे फार आवडेल. वाहक होते ना? ही तर त्यांचीच डबल बेल, सिंगल बेल.

अनघा_किनारा | २४ मे २०२३

पुळणवाट, डबल बेल! हे मला सुचलंच नव्हतं. आत्ता आईला फोन करून सांगितलं, पलीकडून बाबांचं हसणं ऐकू आलं.

रसिका_डोंबिवली | २५ मे २०२३

आधी सिनेमा दाखव गं. दोन रात्री निम्मा-निम्मा दाखव, अधेमधे थांबवून समजावून सांग. सिनेमा न पाहता तिथे गेलं तर बाहेरचा बाक, बाकाशेजारची सुटकेस, भिंतीवरची बोटीची चित्रं सगळं वाया. तो बाक जॉर्जियातल्या सॅव्हानाच्या चौकात चित्रीकरणासाठी ठेवला होता, आता तिथल्या संग्रहालयात आहे. हॉटेलांच्या बाहेर त्याच्या नकला ठेवतात आणि माणसं रांग लावून फोटो काढतात. कारण सिनेमात त्या बाकावर बसून फॉरेस्ट अनोळखी माणसांना आपलं आयुष्य सांगतो. आपल्याकडे एस.टी. स्टँडवर हेच होतं.

आणि सँटा मोनिकाच का, तर सिनेमात फॉरेस्ट देशभर पळत सुटतो आणि समुद्राशी पोचतो तो याच धक्क्यावर. तिथून वळतो आणि पुन्हा पळतो. तीन वर्षं, दोन महिने, चौदा दिवस आणि सोळा तास! हे पाठ करून ठेव, तिथले वेटर सिनेमावर प्रश्न विचारतात.

चवीने_खाणार | २५ मे २०२३

थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या अनुभवात सिनेमाच्या नावावर चालणाऱ्या हॉटेलांत भर असतो तो सजावटीवर आणि टी-शर्ट, टोप्या विकण्यावर. त्यात वाईट काही नाही, पण ज्या माणसाने आयुष्यभर श्रीवर्धनची ताजी कोलंबी खाल्ली त्याला पिठात घोळून तळलेली कोलंबी आणि बटाट्याच्या फोडी दिल्या तर तो खाईल, मुलीचं मन राखायला ‘छान आहे’ म्हणेल, आणि घरी आल्यावर भात-पिठलं मागेल.

तुम्ही इर्व्हाइनला आहात, तर जवळच वेस्टमिन्स्टरला लिटल सायगॉन आहे. तिथल्या व्हिएतनामी हॉटेलांत सालासकट उकडलेली कोलंबी लसूण-लोण्याच्या मसाल्यात घोळून पिशवीत देतात. टेबलावर कागद पसरायचा आणि हातांनी सोलून खायचं. बाबांना ती भाषा लगेच कळेल.

रसिका_डोंबिवली | २५ मे २०२३

चवीने_खाणार, प्रश्न चवीचा असता तर अनघाने पाककृतींच्या विभागात विचारलं असतं. तिला बाबांना काहीतरी दाखवायचंय.

चवीने_खाणार | २५ मे २०२३

मान्य. पण पोट उपाशी ठेवून दाखवू नये, एवढंच म्हणतोय.

मोबाईल_बे | २६ मे २०२३

मी अलाबामातल्या मोबाईल शहरात राहतो, म्हणून राहवत नाही. बब्बाचं गाव खरं आहे: बायू ला बात्रे, आमच्यापासून तासाभराच्याही आत. सिनेमातले बोटीचे प्रसंग मात्र इथे नाही, साउथ कॅरोलिनात ब्यूफर्टच्या आसपास चित्रित झालेत.

चवीने_खाणार यांनी व्हिएतनामी हॉटेलांचा विषय काढला त्यावरून सांगतो. युद्धानंतर व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून आलेली कुटुंबं या गावात स्थायिक झाली. आज गावातली बरीच वस्ती आग्नेय आशियाई मुळाची आहे. बोटींवर तीच माणसं, कोलंबी-खेकडे सोलायच्या शेडमध्ये त्यांच्याच बायका. सिनेमातला बब्बा व्हिएतनाममध्ये मरतो, त्याच्या गावाला कोलंबी आणून देणारे मात्र तिथूनच आलेले. मी पहिल्यांदा धक्क्यावर उभा राहून हे पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही.

२००५च्या कॅटरिना वादळात इथल्या बोटी पाण्यातून उचलून झाडीत फेकल्या गेल्या होत्या. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल गळालं तेव्हा मासेमारीच बंद. सिनेमात वादळ येतं, बाकी सगळ्या बोटी फुटतात आणि फॉरेस्टची एकटी बोट वाचते, मग तो श्रीमंत होतो. गावात त्याच्यासारखं नशीब कुणाच्या वाट्याला आलं नाही. दर वर्षी चर्चपाशी बोटी सजवून त्यांना आशीर्वाद देण्याचा सोहळा असतो, १९४९पासून चालू आहे. पताका लावलेल्या बोटी पाहून मला आमची नारळी पौर्णिमा आठवते.

नाखवा_वेसावे | २६ मे २०२३

मोबाईल_बे दादा, लय बरं वाटलं वाचून. दर्या कुठलाही असो, बोटवाल्याचं सारखंच. आमची बोट आता ३१ तारखेला वर येईल. १ जून ते ३१ जुलै बंदी, एकसष्ट दिवस. हे दिवस कोलंबी अंड्यावर असते, तिला सोडायलाच पाहिजे. बंदीचं वाईट वाटत नाही, बंदीत चोरून जाळं टाकणाऱ्यांचं वाटतं.

अनघाताई, बाबांना घेऊन जा. बोटीवर बसल्यासारखं वाटलं तरी पुष्कळ.

मी_शाकाहारी | २६ मे २०२३

तिथे शाकाहारी माणसाला काय मिळतं? नवऱ्याला जायचंय, मला सोबत जावं लागणार.

पुळणवाट | २६ मे २०२३

सॅलड, तळलेले बटाटे आणि फोटो काढायचं काम.

धागेदोरे | २६ मे २०२३

कोलंबीतला धागा काढून टाकायचा असतो, हा मात्र जपून ठेवावा. फार छान चाललाय.

निर्यात_रत्नागिरी | २७ मे २०२३

वीस वर्षं गोठवलेल्या कोलंबीच्या निर्यातीत आहे, म्हणून थोडी धंद्यातली माहिती.

अमेरिकेत खाल्ली जाणारी बहुतेक कोलंबी बाहेरून येते आणि पाठवणाऱ्या देशांत आज भारत पहिला. त्यामुळे अनघाताईंच्या बाबांच्या ताटात आंध्रच्या तळ्यातली कोलंबीही येऊ शकते. पूर्वी आपल्याकडे तळ्यात टायगर वाढवायचे. १९९०च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी बसली. मग २००९ला वनामी, म्हणजे मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरची पांढऱ्या पायांची जात, आणायला परवानगी मिळाली आणि सगळं चित्र पालटलं.

पाकिटावर १६/२० किंवा ३१/४० लिहिलेलं असतं तो काउंट, म्हणजे एका पौंडात किती नग. आकडा लहान तेवढी कोलंबी मोठी. घरी करणार असाल तर २१/२५ आणा, कालवणात शोभते. आणि आच लांबवू नका. कोलंबी इंग्रजी सीसारखी वळली की उतरवा, पूर्ण वेटोळं झालं की रबर.

मोबाईल_बे यांच्या गावातल्या बोटवाल्यांना आमच्या स्वस्त मालाचा फटका बसतो, हे मला ठाऊक आहे. लुइझियानात तर २०१९पासून परदेशी कोलंबी असेल तर हॉटेलने तसं सांगायचा कायदा आहे. आमच्या कारखान्यात सोलायला बसणाऱ्या बायकांची चूलही त्याच मालावर पेटते. मला यात कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

सोडेवाली | २७ मे २०२३

इतकं सगळं झालं आणि मूळ गोष्ट कुणी बोललंच नाही! बब्बा सिनेमात कोलंबीच्या प्रकारांची यादी सांगतो ना, फरशी पुसताना, बूट घासताना, थांबतच नाही? त्याच्या आईला, आजीला येणारे पदार्थ आहेत ते. हॉटेल त्या यादीवर उभं आहे. मग आपली यादी कोण करणार? मी सीकेपी, सुरुवात माझ्याकडून:

कोलंबीची खिचडी. सोड्याची खिचडी. कोलंबीचं कालवण. सोडे घालून वांगं-बटाटा. कोलंबीचं लोणचं. सोड्याचे पोहे.

पुढचे लिहा.

पणजीकार | २७ मे २०२३

सुंगटांची करी, भेंडे घालून. सुंगटांचें हुमण. सुक्या सुंगटांची किसमूर. बालचाव. आणि एक सांगतो: हॉटेलच्या त्या यादीतला गंबो आहे ना, तो शब्दच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलाय. गुलाम करून नेलेल्या माणसांनी भेंडी तिकडे नेली आणि कोलंबीबरोबर शिजवली. माझी आई मांडवीच्या काठावर तेच दोन जिन्नस एका कुंडल्यात घालते. मी लुइझियानात पहिल्यांदा गंबो खाल्ला तेव्हा मैदा लोण्यात काळपट होईतो भाजलेला तो रस्सा दिसायला आमच्या करीसारखा मुळीच नव्हता, पण भेंडी दाताखाली आली आणि आईच आठवली.

मालवणी_मुलगो | २७ मे २०२३

सुंगटा-वांगा. कोलंबीचा सुका. जवळ्याची चटणी कांदो-खोबरा घालून, वर कोकम. भाकरीवांगडा.

पाठारे_प्रभू | २८ मे २०२३

कोलंबीचं भुजणं. ते विसरलात तर यादी बाद.

सोडेवाली | २८ मे २०२३

भुजणं कोण विसरेल!

सिनेमावेडा | २९ मे २०२३

गेल्या वर्षी याच सिनेमावरून ‘लाल सिंह चड्ढा’ आला. त्यात बब्बाच्या जागी आंध्रचा बालाराजू आहे आणि त्याचं स्वप्न कोलंबीचं नाही, चड्डी-बनियनचं. मूळ सिनेमातल्या चॉकलेटच्या डब्याच्या जागी पाणीपुरी चपखल बसली, पण कोलंबीच्या जागी बनियन मात्र मला पटलं नाही. आंध्र! निर्यात_रत्नागिरी यांनी आत्ताच सांगितलं की देशाची कोलंबी तिथून जाते. भीमावरमचा पोरगा, आईच्या हातचा रोय्यल वेपुडू (परतलेली कोलंबी), एक छोटं तळं. आयती गोष्ट होती.

रसिका_डोंबिवली | २९ मे २०२३

अनुमोदन. बनियनमुळे लोक हसले, पण आईच्या हाताची चव गेली. मूळ सिनेमात फॉरेस्ट नफ्यातला बब्बाचा वाटा त्याच्या आईला देतो. ती बाई आणि तिच्या आधीच्या पिढ्या दुसऱ्यांच्या घरी रांधून वाढत आलेल्या. तो क्षण पैशांचा नाही, तिच्या रांधण्याचा मान आहे.

काळजीवाहू | ३० मे २०२३

एक सूचना. सोबत कुणाला कोलंबीची अ‍ॅलर्जी असेल तर अशा ठिकाणी तळणीचं तेल एकच आहे का ते विचारा. माझ्या मुलाने एका हॉटेलात (नाव घेत नाही) फक्त बटाट्याचे काप खाल्ले होते, ओठ सुजले, रात्र इस्पितळात गेली. आता मी बसण्याआधी विचारते.

टोकियोकर | २ जून २०२३

इथे टोकियो डोमशेजारी शाखा आहे. पूर्वी हाँगकाँगच्या डोंगरमाथ्यावर होती, लंडनला पिकॅडिलीजवळही होती. माझ्या जपानी सहकाऱ्याने सिनेमा दहा-बारा वेळा पाहिलाय. त्याला बब्बाची यादी क्रमाने पाठ आहे. दर पगाराला एक पदार्थ खातो.

अनघा_किनारा | ५ जून २०२३

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, दोन्ही करायचं: आधी सिनेमा, मग हॉटेल, आणि एका रविवारी लिटल सायगॉन. एकच अडचण आहे. यंदा श्रावण अधिक, १८ जुलैपासून लागतो, आणि बाबा अधिक व निज दोन्ही पाळतात, म्हणजे थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मासे बंद. तेव्हा आषाढ संपायच्या आत.

नाखवा_वेसावे | ५ जून २०२३

म्हणजे गटारी सँटा मोनिकाला! १७ला सोमवती अमावास्या आहे, सोमवार. रविवारीच उरका.

मी_शाकाहारी | ६ जून २०२३

अधिकात माझ्या माहेरी खायचे, सासरी नाही. यावर वेगळा धागा काढावा लागेल.

अनघा_किनारा | १८ जुलै २०२३

जाऊन आलो! रविवारी, १६ला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे त्या टेबलावर बसला होतात असं मला वाटत होतं.

सिनेमा आधीच्या दोन रात्रींत दाखवला. पहिल्या रात्री बाबा गप्प होते. बब्बा मरतो तिथे त्यांनी मला थांबवायला सांगितलं आणि उठून पाणी प्यायले. त्यांचा एक चालक होता, वीस वर्षं एकाच गाडीवर एकत्र. रात्रीच्या मुक्कामी दोघं स्टोव्हवर सुका जवळा परतून खायचे. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून दिवेआगरला खानावळ काढायची ठरवली होती. तो निवृत्तीच्या आधीच गेला. हे मला पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

हॉटेलात खिडकीपाशी जागा मिळाली. बाबांनी आधी निळी पाटी, मग लाल, मग पुन्हा निळी करून पाहिली. लाल केल्यावर खरोखर एक मुलगी थांबली तेव्हा त्यांनी सवयीने हात वर केला, घंटीची दोरी ओढतात तसा. मी तिला सांगितलं की हे बसवर वाहक होते. ती इतकी खूश झाली की पुढे प्रत्येक वेळी लाल पाटी बघून ‘टिंग’ म्हणायची. तिने प्रश्न विचारला, किती दिवस पळाला? मी भाषांतर करायच्या आत बाबांनी बोटांवर दाखवलं: तीन, दोन, चौदा. सोळा तास रसिकाला अर्पण.

खाण्याचं म्हणाल तर नारळाच्या किसात घोळून तळलेली कोलंबी त्यांना आवडली, नारळ आणि कोलंबी म्हटल्यावर नवल नाही. गंबोत भेंडी आहे का ते चमच्याने शोधलं. चवीने_खाणार, घरी आल्यावर पिठलं नाही मागितलं. जेवून झाल्यावर मात्र त्यांनी एकच विचारलं, ‘त्या पोराच्या आईला रोजचं ताट कोण वाढतं आता?’ मी म्हटलं, बाबा, सिनेमा आहे तो. ते म्हणाले, ‘हो, पण सिनेमात तरी.’ मग आठवलं, सिनेमात पैसे मिळाल्यावर तिलाच कुणीतरी आणून वाढतं. ते सांगितल्यावर मान डोलावली आणि बाहेर धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून वळले आणि हळूच चार पावलं पळाले. सत्तर वय आहे.

आज श्रावण लागला.

पुळणवाट | १८ जुलै २०२३

ऑफिसात वाचतोय. डोळे पुसायला बाहेर जाऊन आलो.

चवीने_खाणार | १८ जुलै २०२३

अनघाताई, माझं चुकलं होतं. तिथेच न्यायला हवं होतं. बाबांना नमस्कार सांगा.

सोडेवाली | १९ जुलै २०२३

दिवेआगरच्या खानावळीत काय काय ठेवणार होते दोघं? विचारून ठेव. आपली यादी अपुरी आहे.

टोकियोकर | ११ ऑगस्ट २०२३

धागा वर काढतो, बातमी वाईट आहे. हवाईत माउई बेटावर ८ तारखेला लहाइना गाव वणव्यात जळालं. फ्रंट स्ट्रीटवर समुद्राला लागून तिथलं ‘बब्बा गंप’ होतं, तेही गेलं. माझं लग्न झालं त्या वर्षी आम्ही तिथे गेलो होतो. पाण्यावर उतरलेली संध्याकाळ आठवते. हॉटेल पुन्हा बांधता येईल, गावातली माणसं गेली.

मोबाईल_बे | ११ ऑगस्ट २०२३

बातम्या बघतोय दोन दिवस. कॅटरिनानंतर आमच्या गावकऱ्यांना लांबून लोकांनी कपडे, पाणी, भांडी पाठवली होती, ते इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी माउईसाठी जरूर द्यावं.

नाखवा_वेसावे | ३० ऑगस्ट २०२३

आज नारळी पौर्णिमा. बंदी १ तारखेलाच उठली, पण आमच्या घरची बोट आजचा नारळ दिल्याशिवाय जात नाही. दर्याला सोन्याचा नारळ दिला. मोबाईल_बे दादाच्या गावासाठी आणि त्या जळलेल्या गावासाठीपण हात जोडले. सगळ्यांना शुभेच्छा.

अनघा_किनारा | ३० ऑगस्ट २०२३

नाखवादादा, तुम्हालाही. आई-बाबा परवा परत गेले, आत्ता श्रीवर्धनहून फोन होता. सोडेवाली, तुझा प्रश्न विचारला. बाबांनी आणि चालककाकांनी जुन्या तिकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली यादी आईने डब्यातून काढली, फोटो पाठवला. दोघांच्या अक्षरात आहे. तुमच्या यादीत नसलेले तीनच:

करंदीची भजी. कोलंबी घालून शेवग्याच्या शेंगा. आणि शेवटी चालककाकांच्या अक्षरात, ‘स्टोव्हवरचा जवळा, फक्त रात्री नऊनंतर, मुक्कामाच्या गाडीवाल्यांना फुकट’.